दारातला सलाम

एडिसन, न्यू जर्सी
१४ सप्टेंबर

ती. पमाताईस,

बाळचा प्रभूमध्ये सलाम.

यापुढे फोन बंद, पत्रंच लिहायची, हा तुझा हुकूम शिरसावंद्य. "फोनवर तू नुसता हं-हं करतोस, त्यापेक्षा लिही," असं तू मेसेजमध्ये म्हणालीस, ते खरंच आहे. आमच्या घरात बोलण्याचं खातं वीणाकडे होतं. ती गेल्यापासून ती जागा रिकामीच आहे आणि अर्ज करायलाही कोणी येत नाही.

बातमी अशी की तुझा आतेभाऊ सेवक झाला आहे. आमच्या चर्चमध्ये निरोप आला की इर्व्हिंग्टनला हैतीच्या लोकांची एक मंडळी आहे, तिला स्वयंसेवक हवेत. मी मनात म्हटलं, अखेर परमेश्वराने बाळ हिवाळेला हाक मारली. इंग्रजी शिकवायची जय्यत तयारी केली. चित्रांचे तक्ते घेतले, रंगीत मार्कर घेतले, आणि वेळ आली तर असावं म्हणून योहानाच्या शुभवर्तमानावर एक छोटंसं प्रवचनही खिशात ठेवलं. पास्टर विल्नर यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ब्रदर, तुमची गाडी किती सीटची?" सात, म्हटलं. "देवाची स्तुती असो!" म्हणाले. तेव्हापासून मी ड्रायव्हर आहे.

बुधवारी सकाळी तिथे उपासाची प्रार्थना असते आणि नंतर सगळ्यांचं जेवण. तिथे मी हिरवी केळी सोलायला बसलो. ही आपल्या केळ्यांची दांडगी चुलत भावंडं असतात, साल सोडता सोडत नाहीत. पहिल्या केळ्यानंतर एका बाईंनी माझ्या हातातली सुरी काढून घेतली आणि मला खुर्च्या मांडायला पाठवलं. पॉवर प्लांटमध्ये टर्बाइन सांभाळलेला माणूस मी.

रविवारी दोघींना घरून आणायचं आणि परत सोडायचं. एक इडाली. साठीची, गोलमटोल, कायम हसणारी. दुसऱ्या फिलोमेनबाई. सत्तरीच्या पुढच्या, ताठ, पांढरा शुभ्र पोशाख, वर पांढरी हॅट. भूकंपानंतर बहिणीकडे आल्या, बहीण वारली, या राहिल्या. लोकांच्या आजारी आईवडिलांना आंघोळी घालून घालून स्वतःचे गुडघे गेलेत. पण मंडळीत गाणं उचलतात त्याच, पुस्तकाकडे न बघता. त्या उभ्या राहिल्या की ढोलवालासुद्धा सावरून बसतो.

उपासना तीन तास चालते. तुझ्या बाबांची, म्हणजे आमच्या पाळकमामांची, कशी घंटेबरहुकूम आटपायची! मी मात्र मामांच्याच शिस्तीत आहे. उपासनेआधी कोणाशी अवाक्षर नाही, मान खाली, मनात प्रार्थना. सलाम करायचा तो सगळं संपल्यावर. गाडीतही तेच. दोघी बसल्या की मी डोळे मिटून प्रार्थना करतो, मग किल्ली फिरवतो. फार भारावल्या असतील.

तुझा,
बाळ


नेपरव्हिल, इलिनॉय
२८ सप्टेंबर

चि. बाळ यास,

अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, मुंगी शाईत पडून चालल्यासारखं.

तू ड्रायव्हर झालास हे उत्तम झालं. तुझं प्रवचन मी एकदा ऐकलं आहे. निमिषच्या बाप्तिस्म्याला तू आभाराची चार वाक्यं बोलायला उठलास आणि केक वितळला. पास्टर विल्नर माणसं ओळखतात असं दिसतं.

दोघी "फार भारावल्या असतील", हे त्यांनी तुला सांगितलं, की तूच ठरवलंस?

इकडे सगळं ठीक. गुडघे, बीपी, साखर, सगळी मंडळी हजर आहेत. मुलांची डॉक्टर म्हणून जन्म गेला, आता स्वतःचा रुग्ण झाले आहे, आणि रुग्ण अगदी हट्टी आहे. इथल्या चर्चमध्ये नवा पास्टर आलाय. तोंडातल्या तोंडात पुटपुटतो. त्यामुळे सध्या मी रविवारी घरीच बायबल वाचते. आरोही शिकागोहून ट्रेनने येते, आईची भाजी चिरून ठेवते, माझ्याशी ओरडून बोलते आणि जाते. हल्लीच्या मुलांना हळू बोलताच येत नाही.

लिहीत जा.

पमाताई


एडिसन
२ नोव्हेंबर

ती. पमाताईस,

सलाम.

उशीर झाला, कारण सेवकाची सेवा धोक्यात आली आहे. फिलोमेनबाईंनी माझ्या गाडीत बसायचं सोडलं.

भांडण नाही, तंटा नाही. एका रविवारी इडाली एकटीच पायऱ्या उतरून आली आणि म्हणाली, "सिस्टर फिलोमेन बसने गेली." पुढच्या रविवारीही तेच. दोन बस बदलाव्या लागतात, मध्ये चांगलं चालावं लागतं, आणि बाईंचे गुडघे म्हणजे माझ्या गुडघ्यांचे आजोबा. मी चर्चच्या दारात पाहिलं तर त्या ठिपक्याएवढी पावलं टाकत येत होत्या. माझ्याकडे बघितलं, आणि बघितलंच नाही असं करून आत गेल्या.

एरवी मी सोडून दिलं असतं. रुसणाऱ्या माणसांना मी नेहमीच सोडून देतो, तुला अनुभव आहे. पण इथे गोष्ट वेगळी आहे. बाईंचा राहण्याचा परवाना तात्पुरता आहे. वर्षानुवर्षं तो वाढत आला, आता तो रद्द होणार की राहणार यावर कोर्टात चाललंय आणि दर आठवड्याला बातमी बदलते. लोक घाबरलेत. बसस्टॉपवर उभं राहायला घाबरतात, दुकानात जायला घाबरतात. मंडळीतल्या खुर्च्या रिकाम्या दिसायला लागल्यात, मीच मांडतो म्हणून मला कळतं. पास्टरनी मला नेमलं ते यासाठीच, की फिलोमेनबाईंना बसस्टॉपवर उभं राहावं लागू नये. म्हणजे या मंडळीत मला एकच काम दिलेलं आहे आणि तेवढंही मला जमलेलं नाही.

बाई म्हणे एवढंच म्हणतात, "बसमध्ये बरं आहे." का, ते कोणी सांगत नाही. विचारलं तर इडाली हसते.

तू माणसांच्या नाड्या तपासल्या आहेस. माझं काय चुकलं असेल?

बाळ


नेपरव्हिल
२० नोव्हेंबर

चि. बाळ यास,

आशीर्वाद.

निदान पाठवते. पहिलं, तुझं ड्रायव्हिंग. तुझ्या गाडीत बसलेला माणूस चर्चला पोचेपर्यंत उपासना संपून पुढचा रविवार येतो. दुसरं, गाडीचा वास. ओक ट्री रोडवरून मसाला आणून तू तो आठ-आठ दिवस गाडीतच ठेवतोस, वीणा मला सांगायची. तिसरं, काहीतरी खायला ने. रुसलेल्या बाईपुढे रिकाम्या हाताने जाऊ नये.

चौथं निदान लिहू की नको? लिहितेच. अख्ख्या पत्रात तू इडालीबद्दल हसते एवढंच लिहिलंस, आणि फिलोमेनबाईंची हॅट, गुडघे, पावलं सगळं लिहिलंस. बाळ, वीणा माझी मैत्रीण होती, पण ती असती तर तीही हसली असती. म्हातारपणी घोडं गंगेत न्हायचं असेल तर मला आधी कळव, साडीला फॉल लावायला वेळ लागतो.

थॅंक्सगिव्हिंगला आरोही येणार आहे. फोन करू नकोस, पत्र लिही.

पमाताई


एडिसन
७ डिसेंबर

ती. पमाताईस,

सलाम.

थॅंक्सगिव्हिंगला तुझा हुकूम मोडून दोनदा फोन केला. उचलला नाहीस. रागावलीस का?

तुझी तिन्ही औषधं दिली. (चौथ्या निदानावर मी बोलणार नाही. मी अडुसष्ट वर्षांचा आहे आणि मला मान आहे, निदान असावा असं वाटतं.) गाडी धुऊन आणली. आता तिला कारखान्यात बनवलेल्या लिंबाचा वास येतो, त्याने माझंच डोकं दुखतं. वेगाने चालवली, तर इडाली मागे मोठ्याने स्तोत्र म्हणायला लागली. शंकरपाळी तळली. ती फिलोमेनबाईंच्या पायरीवर ठेवली, आणि ती चर्चच्या जेवणात सगळ्यांना वाटली गेली. मलाही मिळाली. कडक झाली होती.

शेवटी इडालीला म्हटलं, आता सांग नाहीतर मी पास्टरना सांगून ही ड्रायव्हरकी सोडतो. तेव्हा तिने हसू आवरून सांगितलं. "ब्रदर बाळ, तू बोंजू म्हणत नाहीस."

पमाताई, बोंजू म्हणजे त्यांचा नमस्कार. माणूस खोलीत आला, गाडीत बसला, दुकानात शिरला, की पहिल्यांदा बोंजू. तेही एकेकाकडे बघून. ते म्हटल्याशिवाय पुढचं काहीही बोलायचं नसतं, आणि न म्हणता आत येणं म्हणजे समोर माणसं नाहीत, टेबलखुर्च्या आहेत, असं वागणं. आणि मी काय करत होतो? बाई गाडीत बसल्या की मान खाली, डोळे बंद! चर्चमध्ये शिरलो की तुझ्या बाबांच्या धाकाने कोणाकडे न बघता थेट बाकावर! आणि तीन तासांनी, उपासना संपल्यावर, हसत हसत हात पुढे करून सलाम! फिलोमेनबाई म्हणाल्या म्हणे, "तो माणूस मला आधी फर्निचरसारखा उचलतो आणि मग माझ्याशी हात मिळवतो. त्यापेक्षा बसचा ड्रायव्हर बरा. तो गुड मॉर्निंग म्हणतो."

लहानपणी मी उपासनेआधी बोललो म्हणून मामांनी माझा कान पिळला होता. त्याची किंमत साठ वर्षांनी एका हैतीच्या बाईच्या गुडघ्यांनी चुकवली.

हे सगळं निमिषला सांगितलं, मला वाटलं तो माझी बाजू घेईल. तो म्हणाला, "डॅड, यू नेव्हर से हॅलो टू एनीबडी. मॉम डिड इट फॉर यू." मग जर्सी सिटीला परत गेला. जाताना मात्र स्वतःच बाय म्हणाला नाही. माझाच मुलगा.

पुढच्या रविवारी बसस्टॉपशी गाडी थांबवली, काच खाली केली आणि ओरडलो, "बोंजू!" बाईंनी बसच्या दिशेला तोंड केलं. इडालीने मागून माझ्या खांद्यावर चापट मारली, "कोंबडीला बोलावतोयस का?" मग उतरलो. टोपी काढली, समोर उभा राहिलो, तोंडाकडे बघून म्हटलं, "बोंजू, सिस्टर फिलोमेन." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. बस आली, दार उघडलं, बंद झालं आणि निघून गेली. "बोंजू, ब्रदर," म्हणाल्या आणि गाडीकडे चालायला लागल्या. दार मी उघडावं म्हणून थांबल्या. मग मी इडालीला बोंजू म्हणेपर्यंत त्यांनी मला गाडी चालू करू दिली नाही.

आता पुढच्या सीटवर बसतात. मला धडे देतात. त्यांच्या गावाकडे पाहुणा अंगणाच्या बाहेरच थांबून हाक देतो, "ओने!" म्हणजे मान. आतून उत्तर येतं, "रेस्पे!" म्हणजे आदर. ते उत्तर आल्याशिवाय पाऊल आत टाकायचं नाही. माझा उच्चार ऐकून दोघी हसून हसून वाकतात. मी इंग्रजी शिकवायला गेलो होतो हे आता कोणाला आठवतही नाही.

बाळ


नेपरव्हिल
२२ डिसेंबर

चि. बाळ यास,

आशीर्वाद, आणि नाताळच्या शुभेच्छा.

फोन केलास तेव्हा मी आंघोळीला गेले होते. दोन्ही वेळा.

तुझं पत्र वाचून मी पोट धरून हसले आणि मग हसू थांबलं. खरं निदान माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी मसाल्याचा वास शोधत बसले. वीणाच्या अंत्यविधीला तू माझ्यासमोर येऊन उभा राहिलास आणि एक शब्द बोलला नाहीस. मी इतक्या लांबून आले होते, आणि तू माझ्या खांद्यावरून भिंतीकडे बघत होतास. मला फार लागलं होतं, बाळ. तुला दुःख झालंय हे कळत होतं तरी लागलं होतं. फिलोमेनबाई बरोबर आहेत. त्यांना माझा सलाम सांग, आणि आधी सांग, उपासनेनंतर नको.

बर्फ पुष्कळ पडलंय. ईस्टरला येतोस का?

पमाताई


एडिसन
८ फेब्रुवारी

ती. पमाताईस,

सलाम. आधी सलाम, मग बाकीचं.

त्या दिवशी मी भिंतीकडे बघत होतो, कारण तुझ्याकडे बघितलं असतं तर मला रडू आलं असतं. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. चुकलं माझं.

आता इथलं सांगतो. जानेवारीच्या सुरुवातीला इमिग्रेशनवाल्यांनी मंडळीतल्या दोन माणसांना लॉन्ड्रीबाहेरून धरून नेलं. पास्टरनी सगळ्यांना बजावलं, दारावर कोणीही आलं तरी उघडू नका. फिलोमेनबाई एक रविवार आल्या नाहीत, दुसरा आल्या नाहीत. फोन बंद. इडालीही घाबरून बहिणीकडे जाऊन राहिली. त्या दोन रविवारी मंडळीत गाणं उचलायला कोणी नव्हतं. पास्टरनी स्वतः सुरुवात केली ती फार वरच्या पट्टीत लागली आणि अर्ध्यावर सगळे गप्प झाले.

मी ठरवलं, काही झालं तरी तिसऱ्या रविवारी त्यांच्या दारात जायचंच. दार ठोठावलं. उत्तर नाही. बेल वाजवली. नाही. म्हाताऱ्या बाई एकट्या, आत पडल्या असतील तर? मग मुठीने ठोकलं. शेजारच्या खिडकीतला पडदा हलला आणि घाईने बंद झाला. तेव्हा मला दाराच्या काचेत माझं प्रतिबिंब दिसलं. निमिषने दिलेला काळा कोट, काळी टोपी, काळे बूट, मागे उभी मोठी काळी गाडी. आणि मुठीने दार ठोकणारा आडदांड माणूस. आत मी असतो तर मीही उघडलं नसतं. पलंगाखाली गेलो असतो.

मी टोपी काढली. दोन पायऱ्या खाली उतरून उभा राहिलो. आणि जमेल तेवढ्या मोठ्याने म्हटलं, "ओने!"

काही नाही. रस्त्यावर कोणी नाही. माझा आवाज मलाच परका वाटला. पुन्हा म्हटलं, "ओने, सिस्टर फिलोमेन!" उच्चार तसाच, ज्यावर त्या हसतात तो. अहमदनगरहून निघून एडिसनमार्गे इर्व्हिंग्टनला पोचलेला.

आणि आतून, अगदी बारीक आवाजात, आलं, "रेस्पे."

पमाताई, मी तिथे पायरीवर रडलो. सांगून टाकतो, लपवत नाही.

साखळी निघाली. बाई पूर्ण तयार होत्या. पांढरा पोशाख, हॅट, बूट पॉलिश केलेले. जायचं नसूनही दर रविवारी तयार होऊन त्या खुर्चीत बसत होत्या. म्हणाल्या, "धरायला येणारे ओने म्हणत नाहीत. आणि इतकं वाईट तर नाहीच नाही." मग दटावलं, "तुझे बूट पूस. मग आत ये."

मी म्हटलं, गाडी आहे, चर्चला नेतो. त्या म्हणाल्या, आज नाही. मी आग्रह केला नाही. भीती त्यांची आहे, ती किती धरायची हे मी कोण सांगणार? मग आम्ही दोघांनी तिथेच उपासना केली. त्यांनी गाणं उचललं, मी मागून गायलो, आणि त्यांनी मला दोनदा थांबवून पट्टी सुधारून दिली. नंतर म्हणाल्या, आता तुझं गा. मी मामांनी शिकवलेलं मराठी गीत म्हटलं. त्यांना एक अक्षर कळलं नाही, पण आमेन मात्र वेळेवर म्हणाल्या.

परवाच्या बातमीप्रमाणे कोर्टाने परवाना रद्द करणं सध्या थांबवलंय. सध्या म्हणजे किती, कोणालाच माहीत नाही. आम्ही आता दर रविवारी पास्टरना घेऊन त्यांच्याकडे जातो. इडालीही परत यायला लागली आहे. दारात मी हाक द्यायची, हे ठरून गेलंय. इतक्या वर्षांत मला दिलेलं हे पहिलं तोंडाने करायचं काम.

ईस्टरला येतो. नक्की येतो. येण्याची तारीख कळवतो, विमानतळावर येऊ नकोस, मी घरी येऊन बेल वाजवीन.

बाळ


नेपरव्हिल
२६ फेब्रुवारी

चि. बाळ,

सलाम. आज आशीर्वाद नाही, सलाम.

तू खरं लिहिलंस, आता मीही लिहिते. बेल वाजवू नकोस. मला ती ऐकू येत नाही. फोनचीही येत नाही. थॅंक्सगिव्हिंगला मी आंघोळीला नव्हते, फोनपासून हातभर लांब बसले होते आणि भाजी निवडत होते. गेल्या उन्हाळ्यापासून उजवा कान गेलाच, डावा जायच्या मार्गावर आहे. पास्टर पुटपुटत नाही, आरोही ओरडत नाही, आणि तू फोनवर नुसता हं-हं करत नव्हतास बहुतेक. मलाच बाकीचं ऐकू येत नव्हतं. यंत्र कपाटात आहे. डॉक्टरांनी लावायला सांगितलंय, पण मी स्वतः डॉक्टर आहे ना.

लोकांना काय सांगायचं, म्हणून मी पत्राचं खूळ काढलं. आणि मग तुझी पत्रं यायला लागली तेव्हा वाटलं, बरं झालं बाई, कान गेले. नाहीतर हा मला कधी काही बोलला असता?

तर ईस्टरला ये. दार ठोकू नकोस, बेल वाजवू नकोस. आमच्या दाराला मोठी काच आहे. टोपी काढ, पायरीवर उभा राहा आणि ओने म्हण. मी आतल्या खुर्चीत बसून तुझ्या तोंडाकडे बघत असेन. वाईट उच्चाराने म्हण, म्हणजे मला ओठांवरूनही कळेल की तूच आहेस.

मी रेस्पे म्हणेन. मोठ्याने म्हणेन, कारण हळू म्हटलेलं मला स्वतःलाच कळत नाही.

तुझी,
पमाताई